चौथा भाग सत्यशीलाबाईंकडे आहे

…आणि आरशात काय दिसावं? स्वतःचं तोंड तर दिसलंच, पण खांद्यामागं भागवतचे दातही दिसले. काल आपण दातांवरच थांबलो होतो ना? मग कुणीतरी चहा आणला आणि गोष्ट बशीत सांडली. तर आज दातांपासूनच धरू. काल जे नव्हते त्यांच्यासाठी आलमारी पुन्हा उघडावी लागेल, पण उघडू. पुस्तकाची आलमारी उघडल्यानं झिजत नसते.

पालमची एस.टी. जिथं चहापुरती थांबते, तेवढंसं आपलं गाव. पण गावाला सार्वजनिक वाचनालय आहे, आणि ते उभं केलं अनंतराव सरांनी, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल करावं. सर तेव्हा नवे मास्तर, अंगात रग. चावडीमागची एक खोली मिळवली, घरोघर हिंडून पुस्तकं गोळा केली, कुणाच्या तरी लग्नातली सतरंजी आणून अंथरली. पुस्तकं ठेवायला मात्र काही नाही. पहिल्या आठवड्यातच उंदीर सभासद झाले. तेव्हा सरांची बायको बाळंतपणाला माहेरी, सेलूला गेलेली. तिच्या बापानं लग्नात दिलेली आरशाची सागवानी आलमारी घरात होती. सरांनी आतल्या साड्यांचं गाठोडं बांधलं आणि आलमारी बैलगाडीत घालून वाचनालयात नेली. बाई बाळ घेऊन परत येते, पाहते तर साड्या गाठोड्यात! त्या माउलीनं पुढं आयुष्यात वाचनालयाचा उंबरा ओलांडला नाही. भांग मात्र गावातल्या यच्चयावत गड्यांनी तिच्याच आरशात पाडला.

पुढं अनुदान आलं, नवी इमारत झाली, लोखंडी कपाटं आली, नागनाथ नावाचा सरळमार्गी ग्रंथपाल आला. आरशाची आलमारी तेवढी काउंटरच्या मागं तशीच राहिली आणि तिची किल्ली सरांच्या करदोड्याला. तिच्यात निवडक पुस्तकं. निवडक म्हणजे सरांनी स्वतः वाचायला निवडलेली. सर अध्यक्ष, अध्यक्षांचं वाचून झाल्याशिवाय पुस्तक बाहेर जायचं नाही. आणि सरांचं वाचणं कसं, तर भाकरीबरोबर लोणचं. रोज बोटभर.

या नव्या इमारतीला गिलावा केला सिताराम गवंड्यानं. सत्यशीलाबाई ही त्याची बायको. माहेर पाथरीकडचं, शिक्षण दहावी, गावातल्या अंगणवाडीच्या सेविका. नवऱ्यानं केलेला गिलावा आतून कसा दिसतो ते बघायला म्हणून वाचनालयात गेल्या आणि सभासद होऊन बाहेर आल्या. लोखंडी कपाटं हळूहळू रिकामी केली, म्हणजे वाचून. मग नजर गेली आरशाच्या आलमारीकडं. तिथं तांबड्या रेक्झीनमध्ये बांधलेली एक ऐतिहासिक कादंबरी होती, चार भागांची. बांधणाऱ्यानं वर नाव टाकलंच नव्हतं, म्हणून सारं गाव तिला 'तांबडी' म्हणायचं.

तोंडावरचे मास्क नुकतेच उतरले होते तेव्हाची गोष्ट. म्हणून तर दात दिसले! बाई काउंटरशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, ती तांबडी द्या ना. पहिला भाग."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "चार भागांची आहे, बाई."

"म्हनून तर पहिल्यापासून मागायलेय."

"जुनी भाषा आहे. तुम्हाला झेपायची नाही. आणि तुमच्यात कुठं एवढं वाचतात?" असं म्हणत सरांनी आलमारीचं दार लावलं आणि किल्ली फिरवली.

दार लागलं तसा आरसा समोर आला. मागच्या बाकांवर पेपर वाचत बसलेली मंडळी त्यात हसताना दिसली. बाई समोर असत्या तर त्यांनी पेपर तोंडापुढं धरला असता. बाईंची पाठ बघून सगळे मोकळे झाले होते, आरसा कुणाच्या ध्यानात नव्हता. वाचनालयासमोर ज्याचा चहाचा गाडा, त्या भागवतचे तर अक्कलदाढेपर्यंत दात दिसले. बाईंनी एकेक तोंड बघून ठेवलं आणि घरी आल्या.

आता सरांची चूक काय झाली ती नीट ऐका. झेपायची नाही म्हणाले, ते एक वेळ चाललं असतं. 'तुमच्यात' म्हणाले, ते नडलं. बौद्ध वस्तीतल्या विहारात दर पावसाळ्यात वर्षावास असतो. आषाढी पौर्णिमेला सुरुवात, अश्विनी पौर्णिमेला समाप्ती. रोज संध्याकाळी जाडजूड ग्रंथ पानापानानं मोठ्यानं वाचायचा, सगळ्या वस्तीनं बसून ऐकायचा, शेवटच्या दिवशी खीर. आणि लग्न होऊन आल्यापासून तो ग्रंथ वाचायचा कुणी? सत्यशीलाबाईंनी. ऐकणारेही असे पक्के, की ज्या म्हाताऱ्यांना अक्षराची ओळख नाही त्या मधेच म्हणायच्या, "बाई, एक ओळ गाळलीस गं." गावाच्या एका टोकाला सर वाचन वाढवत होते, आणि दुसऱ्या टोकाला ते दणक्यात चालू होतं, याचा सरांना पत्ताच नव्हता.

सिताराम संध्याकाळी कामावरून आला. बायको चुलीपुढं गप्प.

"काहून गप हाईस?"

"तुमी गिलावा करताना त्या इमारतीत एक खड्डा ठेवायला पायजे होता."

"कशाला?"

"सरायला पुरायला."

सिताराम आधी हसला, मग बायकोचं तोंड बघून हसायचा थांबला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चल, चार जनं घेऊन जाऊ. माफी मागाय लावू."

"लावलेली माफी मला नको. त्यायनी आपल्या पायानं यावं, त्याच आरशापुढं, त्याच लोकायपुढं, अन् माझ्यापुढं हात पसरून पुस्तक मागावं. तवर मी मरत बी न्हाई."

"अन् त्यायला मागावं कशाला लागंल? आलमारी त्यायची, किल्ली त्यायची."

"ते मी बघते."

बघायची वेळ लवकरच आली. तांबडीच्या चौथ्या भागाची बांधणी सुटली होती, म्हणून तो भाग परभणीला बांधायला गेला होता. एका दुपारी एस.टी.तून गठ्ठा आला. सर घरी वामकुक्षीत. नागनाथ काउंटरवर सुतळी सोडतोय, तोच बाई हजर.

"नागनाथभाऊ, हा भाग कुनाच्या नावावर हाय?"

"अजून कुनाच्याच न्हाई, ताई."

"मंग टाका माझ्या नावावर."

नागनाथचा हात सुतळीतच अडकला. "ताई, सर काय म्हनतेल…"

बाईंनी भिंतीकडं बोट केलं. तिथं नियमांची पाटी, सरांच्या वळणदार अक्षरातली. आलमारीबाहेर असलेले पुस्तक प्रथम मागेल त्या सभासदास द्यावे. मुदत संपल्यावर जो पुस्तक आणून दाखवील, त्यास तेच पुस्तक पुन्हा नेण्याचा पहिला हक्क राहील. हा दुसरा नियम सरांनी स्वतःच्या बोटभर वाचण्यासाठी केला होता. नागनाथनं पाटी वाचली, छताकडं बघितलं आणि शिक्का मारला.

तर अशा रीतीनं बाईंनी कादंबरी नेली, ती शेपटीकडून. सर तेव्हा कुठं दुसऱ्या भागाच्या मध्यावर. वामकुक्षी करून आले, गठ्ठा मोजला आणि तोंड तांबडीपेक्षा तांबडं झालं. नागनाथला पिटाळलं. बाईंनी दारातूनच सांगितलं, "मुदत संपली की आनते." मुदत संपली, आणला, दाखवला, शिक्का मारून घेतला, परत नेला.

सर म्हणाले, "असं काय! तिच्याकडं शेवट, तर माझ्याकडं सुरुवात." आणि उरलेले तिन्ही भाग आपल्या नावावर टाकून घरी घेऊन गेले. नियम बदलावा, तर स्वतःचे तीन हातचे जाणार, आणि बदलायला बैठक बोलवावी, तर एका बाईनं अध्यक्षांना कसं पेचात धरलं हे सगळ्या समितीपुढं सांगावं लागणार. मग काय विचारता! दोघांची मुदत एकाच दिवशी संपायची. सर तीन भाग घेऊन यायचे, बाई एक. काउंटरवर चारी भाग शेजारी शेजारी ठेवले जायचे, पंगतीला बसलेल्या सख्ख्या भावांसारखे. नागनाथ धाडधाड शिक्के मारायचा, आणि भाऊ पुन्हा दोन दिशांना. सरांनी एकदा सहज म्हणून चौथ्या भागाकडं मान लांब केली. बाईंनी पदर टाकला त्याच्यावर.

"झाकता कशाला? खातो काय?" सर म्हणाले.

"उघड्यावर माशा बसत्यात, सर."

आता सूड घ्यायचा म्हटलं की घेणाऱ्यालाही भाजतंच. बाईंनी चौथा भाग उघडला तर पहिल्याच पानावर एक किल्लेदार, एक हात गमावलेला, कित्येक वर्षांनी घरी येतो आणि बायको दार उघडत नाही. का उघडत नाही? ते मागच्या भागांत. बाईंचा जीव कासावीस झाला. त्या हिवाळ्यात वर्षावास संपलेला, बायांना दुपारची फुरसत, कुणीतरी म्हणालं, "आता काय ऐकवतीस?" बाईंनी अंगणात सतरंजी टाकली आणि तांबडी मोठ्यानं वाचायला घेतली. पहिल्या रांगेत कुसुमबाई, सरांच्या घरी दुधाचा रतीब घालणाऱ्या.

"ह्याचा हात कुठं गेला पन?" कुसुमबाईंनी विचारलं.

"तिसऱ्या भागात."

"अन् ती बाई दार काहून उघडंना?"

"ते दुसऱ्यात असल."

"मंग ह्याच्यात काय हाय?"

"ह्याच्यात शेवट हाय."

"असू दे, वाच. त्यानं तिच्या भावाला मारलेलं हाय, लिहून घे माझ्याकडून. तसं असल्याबिगर बाई दार लावत नसती."

रोज वाचन, रोज भांडण. बायांनी मिळून मागचे तीन भाग आपल्या मनानं रचून काढले, आणि प्रत्येकीचे वेगळे. ऐकणारे वाढत गेले. वस्तीबाहेरच्या बाया येऊ लागल्या, पदर पुढं ओढून मागच्या रांगेत बसू लागल्या. भागवतही गाडा पोराबाळांवर टाकून आला. बाईंनी त्याला आत घेतलं नाही.

"भागवत, तू कुंपनाबाहेर उभा राहून ऐक. तुझे दात लय पांढरे हायत, माझं वाचताना ध्यान जाईल."

बिचारा बाभळीच्या कुंपणापाशी उभा. आणि ऐन रंगात आलं की बाई मुद्दाम आवाज बारीक करायच्या. हा कान लांब करायचा, काटे कानाला लागायचे. आरशात दिसलेल्या बाकीच्यांचाही बाईंनी असाच एकेक करून समाचार घेतला, पण ते सांगत बसलो तर सर राहून जातील.

शेवटचं पान वाचून झालं त्या दिवशी ग्रंथाच्या समाप्तीसारखीच खीर केली. बायका वाट्या घेऊन बसल्या, तशा बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ऐका. ज्यानं ही खीर खाल्ली, त्यानं ह्यातला एक शब्द सरायला सांगायचा न्हाई, अन् वाचून बी दाखवायचा न्हाई. कबूल असल त्यानंच वाटी तोंडाला लावावी." खीर सोडतंय कोण! त्या दिवशी खीर कुंपण ओलांडून गेली. भागवतनं दोन वाट्या मारल्या. नागनाथची वाटी काउंटरवर पोचती झाली.

आणि मग सरांचे दिवस भरले. चहाला गेले की भागवत म्हणायचा, "सर, शेवटी तो किल्लेदार… जाऊ द्या, साखर कमी टाकू का?" दाढीला गेले की वस्तरा गळ्याशी धरून न्हावी म्हणायचा, "काय शेवट हाय ओ सर, अंगावर काटा येतो," आणि गप्प. सरांनी पुण्याच्या दुकानांना विचारलं. पुस्तक कधीच संपलेलं, पुन्हा छापलेलं नाही. सेलूला एक जुना मित्र होता, त्यानं तरुणपणी वाचलं होतं. तो म्हणाला, बायको शेवटी मरते. पाथरीच्या एका निवृत्त मास्तरांनी शपथेवर सांगितलं, मरत नाही, दार उघडते. सर दोन शेवट घेऊन घरी आले आणि एकही पचला नाही. तिन्ही भाग दोनदा वाचून झाले. पुन्हा शेवटाच्या कड्यावर येऊन उभे, पुढं रस्ता नाही.

मग एका सकाळी कुसुमबाई दूध घालून आल्या त्या बातमी घेऊन. "सरायला काचबिंदू झालाय म्हनं. दूध सांडलं तर दिसलं न्हाई त्यायला. डाक्टर म्हनतो, गेलेलं परत येत न्हाई, अन् ऱ्हायलेलं बी जाईल."

सत्यशीलाबाई अंगणवाडीतल्या मुलांसाठी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. वाईट वाटलं का? वाटलं असेल. पण आधी आली ती भीती. म्हातारा असाच, न मागता, आंधळा होऊन घरात बसला तर? इतकी वर्षं उशाखाली जपलेला चौथा भाग मग कुणाच्या डोक्यात घालायचा?

सितारामनं रात्री जेवताना हळूच म्हटलं, "देऊन टाक आता. म्हातारं मानूस हाय."

"मी बी म्हातारी व्हायलेय त्यायची वाट बघू बघू. मागू दे. मागितल्यावर एक क्षण बी ठेवायची न्हाई."

आणि सर आले. मुदतीचाच दिवस, बाजाराचा, त्यामुळं वाचनालय भरलेलं. सून पद्मजा हात धरून, दुसऱ्या हातात तिन्ही भागांची पिशवी. सर चाचपडत काउंटरशी पोचले.

"नागनाथ, चौथा भाग."

"सर, तो ताईकडं हाय."

"ते मला माहीत आहे. ताई कुठं आहेत?"

"तुमच्या मागंच. आरशात दिसायल्यात बघा."

सरांनी आरशात पाहिलं. त्यांना नुसता उजेड दिसला. मग ते वळले, अंदाजानंच हात पुढं केला, आणि म्हणाले, "बाई, तो भाग मला द्या."

कित्येक हिवाळे बाईंनी या वाक्याला द्यायची उत्तरं चुलीपुढं बसून घोटली होती. एकापेक्षा एक जहरी. पण म्हणाल्या एवढंच, "घ्या की, सर," आणि पुस्तक त्यांच्या हातावर ठेवलं.

अख्ख्या दालनानं श्वास सोडला. लोकांना वाटलं, मिटलं. अहो, मिटतंय कसलं! बाईंनी घाव घातला तो इथं.

सरांनी पुस्तक उघडलं. नाकाशी नेलं. खिडकीकडं वळवलं. पान उलटलं, आणखी एक उलटलं. पुस्तक उलटं धरलंय हे नागनाथला दिसलं आणि त्यानं मान फिरवली. बाई आरशाकडं बघत होत्या. मागच्या बाकांवरची तीच माणसं, तेच पेपर. या वेळी आरशात एकही दात नव्हता.

"मला दिसत नाही," सर म्हणाले. किती दिवसांनी ते हे मोठ्यानं म्हणाले असतील. "पद्मजा, शेवटचं प्रकरण वाच. इथंच वाच."

पद्मजा खाली मान घालून उभी. "बाबा, मला नाही वाचता येणार."

"का?"

"मी खीर खाल्लीय."

"कसली खीर?"

"ताईंच्या अंगणातली. मागच्या रांगेत बसायचे मी, पदर पुढं ओढून. तुम्ही वामकुक्षीत असायचात."

सरांच्या घरातच शेवट राहत होता, रोज त्यांना भाकरी वाढत होता, आणि त्यांना कळलं नव्हतं! सरांनी काउंटरकडं तोंड केलं. मग म्हणाले, "नागनाथ, तू वाच."

"सर, माझी वाटी हिथंच आली होती. काउंटरवर."

"भागवत आहे का रे?"

मागून बारीक आवाज आला, "दोन वाट्या खाल्ल्या, सर."

"अरे, या गावात खीर न खाल्लेला एक तरी माणूस आहे का?"

मागच्या बाकांवरचे पेपर एकेक करून तोंडापुढं गेले. सर अंदाजानं वळले, बाई होत्या त्या बाजूला. पाठ ताठ होती, आणि पुस्तक हातातच होतं.

"म्हणजे उरल्या तुम्ही," सर म्हणाले. "बाई, मी त्या दिवशी जे बोललो ते चुकीचं बोललो. इथंच बोललो होतो, म्हणून इथंच सांगतो. तुम्ही वाचून दाखवाल? सगळं नको, फक्त शेवटचं प्रकरण."

त्यावर सत्यशीलाबाईंनी जे उत्तर दिलं, ते आजही भागवतच्या गाड्यावर चहा पिणाऱ्याला फुकट ऐकायला मिळतं, आणि ते शब्दाला शब्द असं आहे:

"वाचीन की, सर. पन शेवटचं न्हाई, पहिल्यापासून. ती बाई दार काहून उघडत न्हाई ते मला बी बघायचंय. पिशवीतले तिन्ही भाग हितं ठेवा. ऐकायला मात्र आमच्या विहारात यायचं, बायायच्या मागं सतरंजीवर बसायचं, अन् मधी कुनी हसलं तर मी तिथंच पान मिटनार. आमच्यात रोज थोडंथोडंच वाचतात, अन् ते बी पावसाळ्यात, ग्रंथाचं वाचन झाल्यावर. चार भागायला चार पावसाळे लागतेल. एवढं झेपत असल तर आषाढी पौर्णिमेला या."